एका गुणाने

तंजावरला मी गेले ती मोडी कागद वाचण्यासाठी. बास्केटबॉलशी माझा त्याआधीचा संबंध एवढाच, की माझा धाकटा भाऊ सांगलीला महाविद्यालयात असताना हा खेळ खेळत असे आणि त्याचे लाल मुरमाने माखलेले मोजे कोणी धुवायचे यावरून आमच्या घरी रोज वाद होत असे. त्यामुळे जानेवारीतल्या एका रात्री, तिरुचिरापल्लीहून परतणाऱ्या बसमध्ये, एका गुणाने हरलेल्या संघासाठी माझ्या घशात आवंढा का दाटून यावा, हे मला स्वतःलाच सांगता येईना.

तंजावरच्या राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले आणि पुढे १८५५ पर्यंत तेथे भोसले घराणे नांदले. दुसरे सरफोजी राजे हे या घराण्यातले सर्वांत विद्याव्यासंगी राजे. १७९८ ते १८३२ या त्यांच्या काळात हा ग्रंथसंग्रह भरभराटीला आला. संस्कृत, तमिळ, तेलुगु आणि मराठी हस्तलिखितांबरोबरच येथे मोडी लिपीतले कागदही आहेत. दिवसभर मी त्यांतले जमाखर्च उलगडत बसे. कोणाला किती दिले, कोणाकडून किती येणे, बाकी काय राहिली, असे ते सगळे. डोळे शिणले की संध्याकाळी घरी परते.

घर म्हणजे एका निवृत्त शिक्षिकेने भाड्याने दिलेली माडीवरची खोली. त्या बाईंना सगळी गल्ली ‘पाटी’, म्हणजे आजी, म्हणे; मीही तेच म्हणू लागले. त्यांची नात गावातल्या एका महिला महाविद्यालयात शिकत होती. ती स्वतः खेळत नसे, परंतु आपल्या महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघावर तिचा असा काही जीव होता, की खेळाडूंपेक्षा तिलाच सामन्याच्या आदल्या रात्री झोप येत नसे. एका संध्याकाळी तिने मला जवळजवळ ओढतच मैदानावर नेले. “अक्का, दिवसभर जुने कागद वाचून तुमचे डोळे जुने होतील,” असे तिचे म्हणणे.

सिमेंटचे मैदान, चार कोपऱ्यांत चार दिवे, एका बाजूला कडुनिंबाचे झाड आणि त्याखाली दोन बाके. पहिल्या दिवशी मला एवढेच दिसले, की दहा मुली एका चेंडूमागे धावताहेत. आठवडाभरात मात्र डोळा सरावला. चेंडू हातात घेऊन पळायचे नाही, तो जमिनीवर आपटत न्यायचा किंवा दुसरीकडे द्यायचा. चोवीस सेकंदांच्या आत तो कडीकडे टाकायचा. कडी जमिनीपासून ३.०५ मीटर, म्हणजे बरोबर दहा फूट उंच. ही उंची अशीच का, याची गंमत मला पाटींच्या नातीनेच सांगितली. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने थंडीच्या दिवसांत मुलांना घरात खेळता येईल असा खेळ बसवला, तेव्हा त्याने पीच नावाच्या फळांच्या दोन करंड्या व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. तो कठडा दहा फुटांवर होता. करंड्यांना बूड असल्यामुळे चेंडू आत पडला की कोणीतरी वर चढून तो काढून द्यायचा. आणि त्या पहिल्या सामन्यात, दोन्हीकडे नऊ-नऊ खेळाडू असूनही, चेंडू करंडीत पडला तो एकदाच. निकाल लागला तो १–० असा. म्हणजे या खेळाच्या जन्माच्या दिवशीच कोणीतरी एका गुणाने हरले होते. त्या नऊ जणांना रात्री झोप लागली असेल का, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही, पुढे सुचला.

हा खेळ तमिळनाडूत इतका रुजला, यामागे मद्रासच्या वाय.एम.सी.ए. शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचा वाटा मोठा आहे. हॅरी क्रो बक यांनी ते १९२० मध्ये सुरू केले आणि तेथे शिकलेले शिक्षक गावोगाव गेले. आपल्याकडे मोकळ्या जागेत मुले यष्ट्या ठोकतात, तसे इथे अनेक शाळांच्या अंगणात एक खांब आणि एक कडी दिसते. संघाला शिकवणाऱ्या बाईंना सगळ्या ‘पी.डी. मॅडम’ म्हणत. शारीरिक शिक्षण विभागाच्या त्या प्रमुख. बोलणे थोडके, शिट्टी मात्र फार.

संघातली अकरा नंबरची मुलगी मला पहिल्यापासून आवडे. अंगाने किरकोळ, उंचीही बेताचीच. पण चेंडू तिच्या हाती आला की मैदानावरचा गोंधळ एकदम निवल्यासारखा वाटे. माझे तिच्याशी कधी बोलणे झाले नव्हते. तिचे नावही मी संघाच्या यादीत वाचले तेवढेच. आम्हा प्रेक्षकांना नंबर पुरत असे.

मार्गळी महिना सुरू झाला. पहाटे दारोदारी मोठमोठ्या रांगोळ्या पडू लागल्या आणि संघ एकेक सामना जिंकत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला. सामना तिरुचिरापल्लीला, पोंगलच्या चार दिवस आधी. महाविद्यालयाची बस होती. पुढे खेळाडू, मागे आम्ही तीस-पस्तीस समर्थक. मी ग्रंथालयातून अर्ध्या दिवसाची सुटी घेतली आणि तेथल्या एका वृद्ध कर्मचाऱ्यांना कारण सांगितले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले ते अजून आठवते.

सामन्याचे वर्णन मी थोडक्यातच करते, कारण पहिली दहा मिनिटे आठवावीशी वाटत नाहीत. पहिल्या सत्रात आम्ही १८–९ असे मागे पडलो. (‘आम्ही’ हे सर्वनाम माझ्या तोंडी केव्हा आले, कळले नाही.) मध्यंतराला ३३–२६. तिसऱ्या सत्रानंतर ४५–४२. मग ते शेवटचे सत्र. आमचे घसे बसले होते. “पोडु, पोडु!”, म्हणजे “टाक, टाक!”, हा एकच तमिळ शब्द मी त्या दहा मिनिटांत शंभरदा उच्चारला असेन. पाटींच्या नातीने माझा दंड इतका घट्ट धरला होता, की दुसऱ्या दिवशी तेथे तिच्या बोटांचे वळ दिसत होते.

चार सेकंद उरले तेव्हा फलकावर ५८–५६ होते. दोन गुणांनी मागे. अकरा नंबर चेंडू घेऊन कडीखाली शिरली, उडी मारली आणि समोरच्या मुलीचा हात तिच्या मनगटावर बसला. फाऊल. दोन फ्री थ्रो. फ्री थ्रो म्हणजे मुक्त फेक. फळ्यापासून ४.६ मीटरवर आखलेल्या रेषेमागे एकटीने उभे राहायचे आणि पाच सेकंदांच्या आत चेंडू टाकायचा. कोणी आडवे येत नाही. बसली की एक गुण.

पहिली बसली. ५८–५७. जाळीचा तो सळसळाट मला वरपर्यंत ऐकू आला. दुसरी कडीच्या मागच्या कडेला लागली, पुढच्या कडेला लागली आणि बाहेर पडली. समोरच्या संघातल्या उंच मुलीने चेंडू पोटाशी धरला. भोंगा वाजला.

यानंतरची काही मिनिटे कोणीच काही बोलले नाही. नंतर मात्र सगळेच बोलू लागले.

परतीची बस तुवाकुडी ओलांडून सेंगिपट्टीकडे निघाली, तेव्हा मागच्या बाकांवर चौकशी आयोगच बसला होता. एकीच्या मते पंचांनी तिसऱ्या सत्रात दिलेला एक फाऊल मुळात फाऊलच नव्हता. दुसरीच्या मते मॅडमनी चार नंबरला फार लवकर बाहेर बसवले. तिसरी म्हणे, समोरच्या संघाने लांबून टाकलेला तो तीन गुणांचा चेंडू निव्वळ दैवाने बसला. एक मुलगी तर रडत रडत सांगत होती, की आपण मध्यंतरानंतर जागा बदलायला नको होती. जुन्या जागेवर बसून आपण पाहिलेला एकही सामना संघ हरला नव्हता. हे ऐकून हसू यायला हवे होते. कोणालाच आले नाही. प्रत्येकीला तो एक गुण कोठे सांडला हे नेमके ठाऊक होते आणि प्रत्येकीची जागा वेगळी होती. फिरून फिरून बोलणे शेवटच्या चार सेकंदांवर येई. पण मुली ते उघड बोलत नव्हत्या. अकरा नंबर त्याच बसमध्ये होती. “परवायिल्लै, परवायिल्लै,” म्हणजे “असू दे, काही बिघडले नाही,” असे एकमेकींना म्हणत त्या विषय बदलत.

तेवढ्यात माझा फोन वाजला. सांगलीहून भाऊ. मी त्याला निकाल कळवायचे कबूल केले होते.

मी मराठीत बोलू लागले. आठवडेच्या आठवडे तोडक्यामोडक्या तमिळमध्ये आणि इंग्रजीत बोलल्यानंतर आपली भाषा तोंडात आली, की माणूस सैल सुटते. शिवाय या बसमध्ये ती कोणाला कळणार? मी म्हणाले, “अरे, जिंकलेला सामना घालवला. अकरा नंबरच्या मुलीनं. शेवटची एक फ्री थ्रो. समोर कोणी आडवं नाही, काही नाही, नुसती टाकायची. तेवढीही येऊ नये? सगळ्यांची मेहनत एकीनं मातीत घातली बघ.”

माझ्या पुढच्या बाकावर कोणीतरी डोक्यावरून टॉवेल घेऊन खिडकीला टेकले होते. झोपलेले असावे, असा माझा समज. टॉवेल खाली आला. ती अकरा नंबर होती. पुढच्या घोळक्यातून उठून ती केव्हा मागे येऊन बसली होती, मला दिसले नव्हते.

“अक्का,” ती म्हणाली, “मला मराठी येते. आमच्या घरी मराठीच बोलतात.”

आवाजात राग नव्हता. मला चुकीच्या थांब्यावर उतरताना पाहून कोणी सांगावे, तसे तिने ते सांगितले आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केले. पाटींच्या नातीने विचारले, “ती काय म्हणाली?” मी म्हणाले, “काही नाही.” वल्लमपर्यंत बाहेर पिकलेली भातशेते अंधारात मागे जात होती, ती मी पाहत राहिले.

तीनशेहून अधिक वर्षे तंजावरात मराठी घरे आहेत. त्यांच्या बोलण्यात तमिळचे हेल आले, शब्द आले, पण घरातली भाषा अनेकांनी सोडली नाही. हे मला माहीत होते. माहीत असणे हे तर माझे कामच होते. दर रविवारी मी बृहदीश्वराच्या देवळात जाई. राजराज चोळाने हजार वर्षांपूर्वी बांधलेल्या त्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, १८०३ सालचा. ती अक्षरे मी बोट न लावता, ओळीमागून ओळ वाचत उभी राहत असे. ज्या गावात माझी भाषा दगडावर आहे, त्याच गावच्या बसमध्ये मी तिला पडद्याआडची भाषा समजले!

रात्री भावाचा पुन्हा फोन आला. मी त्याला झालेला प्रकार सांगितला. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “ताई, दोन गुणांनी मागे होतात ना? मग दुसरी बसली असती तर बरोबरी झाली असती. पाच मिनिटं जादा खेळावी लागली असती. जिंकलेला सामना कुठला?”

एवढा साधा हिशेब. दिवसभर जमाखर्च तपासणाऱ्या मला तो सुचला नव्हता.

मग त्याने मला म्युनिकची गोष्ट सांगितली. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या अंतिम सामन्यात अमेरिका आणि सोव्हिएत संघ समोरासमोर होते. ऑलिंपिकमध्ये अमेरिका तोवर बास्केटबॉलचा एकही सामना हरली नव्हती. ओळीने ६३ विजय. तीन सेकंद उरले असताना अमेरिका एका गुणाने मागे होती आणि डग कॉलिन्स या खेळाडूला दोन फ्री थ्रो मिळाल्या. त्याआधीच्या क्षणी तो जोरात आपटला होता. तशाच अवस्थेत त्याने दोन्ही बसवल्या. ५०–४९. पण नंतर वेळेवरून वाद झाला, शेवटचे तीन सेकंद पुन्हा आणि पुन्हा खेळवले गेले आणि तिसऱ्या खेपेस सोव्हिएत खेळाडू अलेक्सांदर बेलोव्ह याने चेंडू कडीत टाकला. ५१–५०. अमेरिकन खेळाडूंनी रौप्यपदके स्वीकारली नाहीत. ती त्यांनी आजतागायत घेतलेली नाहीत. “कॉलिन्सनं दोन्ही टाकल्या होत्या,” भाऊ म्हणाला. “दोन्ही. आणि तरी हरले.” त्याला मला धीर द्यायचा होता की कान धरायचा होता, हे नक्की सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही.

दोन दिवसांनी मी पी.डी. मॅडमकडे गेले आणि सामन्याचे गुणपत्रक पाहायला मागितले. हरलेल्या संघालाही त्याची प्रत मिळते. त्यांनी काही न विचारता कपाटातून ती काढून दिली. “उद्या-परवा परत आणा,” एवढेच म्हणाल्या.

घरी येऊन मी ते पत्रक टेबलावर पसरले. बास्केटबॉलचे गुणपत्रक ही मोठी चतुर चीज आहे. दोन्ही संघांसाठी एकापासून पुढचे आकडे उभे छापलेले असतात. साधी बास्केट झाली की त्या आकड्यावर एक तिरकी रेघ आणि शेजारी खेळाडूचा नंबर. तीन गुणांची असेल तर त्या नंबराभोवती वर्तुळ. फ्री थ्रो बसली तर आकड्यावर भरीव ठिपका. न बसलेल्याला मात्र तेथे जागा नाही. हुकलेला चेंडू, न दिलेला पास, कोसळलेली उडी, यांतले काहीही या कागदाला ठाऊक नसते. मोडी जमाखर्चातही असेच. आलेले आणि गेलेले लिहिलेले असते. यायला हवे होते पण आले नाही, ते शोधावे लागते.

शोधता येत नाही असे मात्र नाही. समोरच्या संघाच्या फाऊलच्या रकान्यात प्रत्येक फाऊलपुढे किती फ्री थ्रो मिळाल्या तो आकडा बारीक लिहिलेला असतो. ते सगळे आकडे मी बेरजेला घेतले. सतरा भरले. मग आमच्या बाजूचे भरीव ठिपके मोजले. आठ. म्हणजे त्या रात्री आमच्या मुलींच्या नऊ फ्री थ्रो हुकल्या होत्या. त्यांतली एक आम्ही सगळ्यांनी पाठ केली होती. उरलेल्या आठ कोणाला आठवतही नव्हत्या. त्या चालू असताना आम्ही शेंगदाणे खात होतो. आमच्या सत्तावन्न गुणांपैकी तेवीस गुणांशेजारी अकरा हा नंबर होता. आणि पत्रकावर पहिल्या मिनिटाचा गुण आणि शेवटच्या सेकंदाचा गुण यांच्या खुणा सारख्याच होत्या, एकाच पेनाने केलेल्या.

मला वाटले, हे तिला दाखवावे. माफी मागायला जायचे होतेच; रिकाम्या हाती जाण्यापेक्षा हा हिशेब बरा. आपण विद्वान माणसे माफी मागायलाही पुरावे घेऊन जातो.

तिचे घर राजवाड्यापासून फार दूर नव्हते. पोंगल दुसऱ्या दिवशी होता. बाजारात उसाच्या मोळ्या आणि पानांसकट हळदीची रोपे यांचे ढीग लागले होते. दार तिच्या आजींनी उघडले. मी मराठीत माझे नाव सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. त्यांचे मराठी ऐकताना मला घोटाळल्यासारखे झाले. क्रियापदांची काही रूपे मी तोवर केवळ कागदावर पाहिली होती आणि ती येथे एक बाई आम्हांला कॉफी देता देता सहज वापरत होती. “बोलत नाही ती,” आजी हळूच म्हणाल्या. “जेवते, झोपते, महाविद्यालयात जाते. चेंडू मात्र खाटेखाली सारला आहे.”

ती आली. समोर बसली. मी म्हणाले, “बसमध्ये मी जे बोलले ते चूक होते. ती बसली असती तरी सामना जिंकलेला नव्हता. बरोबरी झाली असती, एवढंच.”

“म्हणजे हिशेब चुकला, म्हणून माफी?” तिने विचारले. “आणि हिशेब बरोबर असता तर?”

मला उत्तर देता आले नाही. हातातला पितळी पेला मी उगाच फिरवत राहिले. जरा वेळाने मी म्हणाले, “तर बोलायलाच नको होते.”

तिने मान हलवली. मग तीच बोलू लागली. माझ्या बोलण्याचे तिला तेवढे लागले नव्हते, असे ती म्हणाली. निदान मी सामन्याविषयी बोलत होते. त्रास झाला तो दुसऱ्या शब्दाचा. “सगळे मला ‘परवायिल्लै’ म्हणतात. मैत्रिणी, मॅडम, शेजारचे मामा. दिवसातून वीस वेळा. तमिळमध्ये तो चांगला शब्द आहे, मला माहीत आहे. पण आमच्या घरात मराठी आहे ना, अक्का. माझ्या कानाला तो ‘पर्वा नाही’ असा ऐकू येतो.”

मी तो शब्द तंजावरात आल्यापासून ऐकत होते. दुकानदाराला सुटे पैसे नसले की परवायिल्लै, कोणाचा धक्का लागला की परवायिल्लै. त्यातली ‘पर्वा’ ही आपलीच, फारसीतून आपल्याकडे आली तशीच तमिळमध्येही गेली, हे कोशात पाहण्याइतकी हौस मला होती. पण तिकडे ज्या शब्दाने माणसे एकमेकांच्या पाठीवर हात ठेवतात, तोच शब्द आपल्याकडे तोंड फिरवताना वापरतात, हे मला या मुलीने सांगेपर्यंत सुचले नव्हते. दोन भाषा घरात असल्या, की समजूतही अशी दोनदा ऐकू येते.

“मला पर्वा आहे,” ती म्हणाली. “कोणीतरी म्हणायला हवे, की ते वाईट झाले.”

“वाईट झाले,” मी म्हणाले. “फार वाईट झाले. मला दोन रात्री झोप नाही.”

ती प्रथमच हसली, थोडीशी. मग मी पिशवीतून गुणपत्रक काढले. माझा शोध मी तिला मोठ्या उत्साहाने समजावून सांगितला. सतरा, आठ, नऊ. तेवीस गुण. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले, पण माझ्या बेरजेकडे तिचे फारसे लक्ष नव्हते. शेवटच्या रांगेकडेही नव्हते. तिचे बोट पत्रकाच्या वरच्या भागात, पहिल्या सत्रात, समोरच्या संघाच्या आकड्यांवरून खाली येत होते. ते बारावर थांबले.

“हे,” ती म्हणाली. “हे त्यांचे बारा. त्याआधी चेंडू माझ्याकडे होता. मी पळत होते आणि सात नंबर माझ्या डावीकडे कडीखाली एकटीच उभी होती. हात वर करून. मी तिला पाहिले होते. तरी मीच टाकला. हुकला. तो त्यांनी उचलला आणि तिकडे जाऊन हे बारा केले.” तिने बोट तेथेच ठेवले. “तो पास द्यायला हवा होता. शेवटची फ्री थ्रो मी नीट टाकली होती, अक्का. ती बसली नाही. हा मी नीट खेळले नाही.”

मी ती चाल आठवण्याचा प्रयत्न केला. मी तेथेच होते, डोळे उघडे ठेवून. मला काहीही आठवेना. पत्रकावर तर तिचा मागमूस नव्हता. होती ती परक्या संघाच्या आकड्यावरची एक तिरकी रेघ.

“सात नंबरला आठवत असेल का?” मी विचारले.

“तिला विचारणार आहे. पोंगल झाला की सराव सुरू होतो.” मग ती म्हणाली, “हा कागद मी ठेवून घेऊ?”

तो मॅडमना परत द्यायचा होता. तसे मी सांगितले. ती उठली, आतून एक चौकटींची वही घेऊन आली, माझ्यापुढचे पेन उचलले आणि जमिनीवर मांडी घालून पहिल्या आकड्यापासून ते सगळे पत्रक उतरवून घेऊ लागली. आजींनी दिवा जवळ सरकवला. वर्तुळे, रेघा, ठिपके, जसेच्या तसे. कोठे कार्बन पुसट झाला होता तेथे ती मला विचारी आणि मी कागद उजेडाकडे धरून सांगे.